बादशाच्या उजव्या कानातलं भोक

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला राजनंदिनी मासाळनं भर भवानी पेठेतून एक मेंढा चालवत घरी नेला, तेव्हा आपण काही वावगं करतोय असं तिला तसूभरही वाटलं नाही. उलट ऐटच होती. पाठीवर दहावीचं दप्तर, डाव्या हातात सायकलचं हँडल, उजव्या हातात दावं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला वाकड्या शिंगांचा, काळ्या तोंडाचा बादशा. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, टपरीवरची माणसं चहाचा ग्लास हातात धरून बघत होती, कुणीतरी मोबाईल काढून व्हिडिओसुद्धा घेतला. राजनंदिनीनं त्या मोबाईलकडं बघून झोकात वेणी मागं टाकली. तिला काय माहीत, हाच व्हिडिओ दोन तासांत पोलिसांच्या हातात जाणार आहे!

झालं होतं असं. शाळेतून येताना पेंडीच्या दुकानासमोर एक छोटा टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या मागच्या कडीला मेंढा बांधला होता. सोलापुरात मेंढा दिसणं म्हणजे काही वाघ दिसणं नव्हे. पण राजनंदिनीचा हात आपोआप ब्रेकवर गेला. मेंढ्याच्या डाव्या कानाच्या कडेला दोन खाचा होत्या, म्हणजे मासाळांची खूण. आणि उजव्या कानात मधोमध गोल भोक. सांगोल्याकडं गावी तिचा काका बिरुदेव मेंढरं राखायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या कळपातली एक मेंढी मेली आणि तिचं कोकरू राजनंदिनीनं बाटलीनं दूध पाजून जगवलं. तोच हा. तिनं नुसतं "बादशा" म्हटलं, तर पठ्ठ्यानं मान वळवून तिचा फ्रॉकच चावायला घेतला. म्हणजे युनिफॉर्मचा, पण त्याला काय त्याचं.

आता इथं कुणीही शहाणा माणूस दुकानात डोकावून विचारेल, "मेंढा कुणाचा हो?" राजनंदिनीनं विचारलं नाही. का, ते समजून घ्यायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. माळावर दहा कळप एकमेकांत मिसळतात. कुणाचं मेंढरू कुणाच्या काट्याकुट्यांच्या वाड्यात जाऊन बसतं. मग मालक येतो, कान बघतो, आपली खूण दिसली की दावं सोडतो आणि चालू लागतो. विचारत नाही. विचारणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं, "तू चोरलंस काय" असं तोंडावर म्हणणं. राजनंदिनीनं लहानपणापासून हेच बघितलेलं. शिवाय उजव्या कानातलं भोक! ते मासाळांच्या घरात एकाच मेंढ्याला असतं, बिरोबाला सोडलेल्या. त्या मेंढ्याला कातर लावत नाहीत, सुरी लावत नाहीत, आणि विकणं तर कुणाच्या मनातही येत नाही. म्हणजे बादशा चुकून आलाय नाहीतर कुणीतरी पळवून आणलाय. तिनं गाठ सोडली.

साडेसातला दारात साध्या कपड्यातले एक हवालदार आणि एक पोलीस मॅडम उभे राहिले. त्यांच्यामागं टोपी काखेत मारलेला, घामाघूम झालेला एक जाडजूड माणूस. तो नागप्पा, अक्कलकोटकडचा मेंढराचा व्यापारी. मोरीपाशी बांधलेल्या बादशाकडं बोट दाखवून तो ओरडला, "ह्योच! अय्यो देवरे, ह्योच की हो माजा मेंढा! दहा पावलावर मी दुकानात हुतो, पेंड मोजून घेत हुतो, आन् ही पोर दिवसाढवळ्या घिऊन गेली!"

"तुमचा?" राजनंदिनी उसळली. "कान बघा की त्याचा!"

"कान बगूनच घेतलाय मी."

पोलीस ठाण्यात तिला कोठडीत वगैरे कुणी नेलं नाही. पोलीस मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण राजनंदिनी खुर्चीवर टिकेल तर ना. बसली, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. तिचा बाप जोतिराम टॉवेलच्या कारखान्यातून तसाच आला होता, केसांत सुताचा भुसा. आई रेश्मा दाराला टेकून उभी.

नागप्पानं खिशातून बाजार समितीची पावती काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी ती वाचून जोतिरामपुढं सरकवली. "विकणाऱ्याचं नाव बघा."

जोतिरामनं बघितलं. एकदा बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. राजनंदिनी त्याच्या खांद्यावरून डोकावली. पावतीवर लिहिलं होतं, बिरुदेव गुंडा मासाळ.

"माझा भाऊ हाय," जोतिराम म्हणाला आणि त्याचा आवाज इतका बसला होता की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.

हवालदार हसले. "म्हंजी तुमच्याच भावानं विकला, ह्यांनी रीतसर घेतला, आन् तुमची पोरगी सोडून घिऊन गेली. काय गं, विकलेल्या मेंढराच्या कानाला पण तीच खूण ऱ्हाती की! खूण काय पुसून देत्यात व्हय? धनगराच्या पोरीला एवढं म्हाईत न्हाय?"

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं आणि म्हणूनच राजनंदिनीच्या अंगाची लाही झाली. डाव्या कानाच्या खाचा विकल्यावरही राहतात, हे तिला माहीत नसायला ती काय पुण्याची होती? पण उजवा कान! "अहो, पण हा मेंढा दे…" एवढं तिच्या तोंडातून निघालं आणि बापानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही. पण असं धरलं की पुढचा शब्द आतच राहिला.

"दे काय?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय," जोतिराम म्हणाला.

मॅडमनी दोघांकडं बघितलं आणि डायरीत लिहायला घेतलं. गुन्हा लहान आहे, मुलगी पंधरा वर्षांची आहे, त्यामुळं फौजदारी गुन्हा नोंदवायचा नाही, नुसती डायरीत नोंद. मुलीला आईबापाच्या ताब्यात द्यायचं, मेंढा नागप्पाच्या ताब्यात, आणि तेरा दिवसांनी बाल न्याय मंडळापुढं हजर व्हायचं. "वकील सरकारकडून फुकट मिळतो. हा नंबर घ्या आणि उद्याच जा," त्या म्हणाल्या. हवालदारांनी निघताना कानमंत्र दिला, "पोरी, चुकून चोरी झाली म्हणून सांग. समज देऊन सोडत्यात. पाच मिंटाचं काम."

चुकून चोरी! चोरी म्हणजे काय दूध उतू जाणं आहे, चुकून व्हायला?

घरी आल्यावर जोतिराम कॉटवर बसला आणि राजनंदिनी त्याच्यासमोर येरझाऱ्या घालू लागली. खोली आठ पावलांची, त्यामुळं तिला सारखं वळावं लागत होतं.

"पप्पा, तुम्ही मला बोलू का दिलं नाही?"

"बस आधी."

"नाही बसत. काकानं देवाचा मेंढा विकला. देवाचा! आणि चोर मी?"

"हळू बोल," रेश्मानं दार लावलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बिरुदेव सत्तावीस वर्षांचा होता आणि तीन वर्षं त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. मेंढरामागं फिरणाऱ्याला मुलगी द्यायला कुणी तयार नाही. शेवटी कुर्डुवाडीला एक स्थळ निघालं. मुलीचा बाप रेल्वेत. त्यानं एकच सांगितलं, नोकरी दाखवा. बिरुदेवनं श्रीपूरला साखर कारखान्यावर काम धरलं आणि कळप विकून टाकला. जोतिरामला वाटलं होतं, देवाचा मेंढा तेवढा त्यानं भावकीत कुणाच्या तरी वाड्यात ठेवला असेल.

"आन् तो नागप्पा आपल्यातलाच हाय," जोतिराम म्हणाला. "बिरोबाचंच करतोय. कुर्डुवाडीकरांच्या तर देव्हाऱ्यातच बिरोबा. तू तितं बोललीस की देवाचा मेंढा हुता, तर नागप्पा बाजारभर करंल. मग ती सोयरीक ऱ्हाती व्हय? देवाचा मेंढा इकणाऱ्या घरात पोरगी कोण देतंय?"

"आणि मी? मला चोर म्हणलं तर चालतं?"

"तू ल्हान हाईस. इसरत्यात लोक."

लोक विसरतात, हे बापाला कुणी सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी वर्गात पाय ठेवला तर मागच्या बाकावरून "बेंऽऽ" असा आवाज आला. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता. तिथवर ठीक होतं. राजनंदिनीनं उलट वळून त्याहून मोठ्यानं "बेंऽऽ" केलं आणि वर्ग हसला. पण मधल्या सुट्टीत एक मुलगी सहज म्हणाली, "डबे सांभाळा गं, मासाळ आली." चेष्टाच होती. सगळ्या हसल्या. राजनंदिनीही हसली, आणि मग तिला डबा खाववेना. चपातीचा तुकडा हातात घेऊन ती मैदानाला चार चकरा मारून आली.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवेचं कार्यालय होतं. तिथं त्यांना वकील मिळाल्या, प्रियंका गुर्रम. तिशीच्या, बारीक अंगाच्या, फोनवर आईशी फाडफाड तेलुगूत बोलत होत्या. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "या की. बसा." जोतिरामनं सुरुवात केली, "मॅडम, आमचं म्हणणं असं हाय की पोरगी चूक कबूल करती, तुमी तेवडं…"

"थांबा, भाऊ. तुम्ही आणि वहिनी जरा बाहेर चहा घेऊन या."

"आमी? आमी बाप हाय तिचा."

"आहात की. पण माझी अशील ही आहे. तिच्याशी मला एकटीशी बोलायचंय."

राजनंदिनीला आजवर कुणी अशील म्हटलं नव्हतं. ती खुर्चीत सरळ झाली. दार लागल्याबरोबर तिच्या तोंडाचं बूच उडालं. कान, खाचा, भोक, बाटलीचं दूध, काका, कुर्डुवाडी, पप्पांनी धरलेलं मनगट. मध्येच ती उठून उभी राहिली, हातांनी मेंढ्याचा कान काढून दाखवला. गुर्रम मॅडम लिहीत होत्या आणि मधूनच एखादा प्रश्न टाकत होत्या. "दावं सोडताना आजूबाजूला बघितलंस?" "नाही." "घरी न्यायला गल्लीबोळातून गेलीस की मुख्य रस्त्यानं?" "मुख्य रस्त्यानं. आणि मोबाईलवाल्याकडं बघून हसले पण." मॅडमना हसू आलं.

"आता ऐक. पायाचा भूकंप थांबव जरा, टेबल हलतंय." राजनंदिनीनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. "चोरी म्हणजे नुसतं दुसऱ्याचं उचलणं नव्हे. दुसऱ्याचं आहे हे माहीत असून, लबाडीनं उचलणं. तुला तो मेंढा खरोखर आपला वाटला असेल, तर ती चोरी नाही. पण मंडळ विचारणार, का वाटला? कानाच्या दोन खाचा पुरत नाहीत, कारण विकलेल्या मेंढरालाही त्या असतात. पुरतं ते तिसरं, भोक. घरातलं कुणी तो विकूच शकत नाही असं तू समजत होतीस, हे सांगितल्याशिवाय तुझी बाजू उभी राहत नाही."

"म्हणजे काकाचं सांगावंच लागणार."

"दुसरा रस्ता आहे. तो पण सांगते, लपवणार नाही. चूक झाली म्हण. तुला समज देतील, घरी पाठवतील, विषय एका दिवसात संपेल. आणि कायद्यानं हे पुढं कुठं तुझ्या आड येत नाही. नोकरीत नाही, कॉलेजात नाही. शाळेलासुद्धा कुणी कळवणार नाही."

"पण कागदावर काय असेल? मी चोरी केली असंच ना?"

"तू चोरी केल्याचं मान्य केलंस, असं असेल."

राजनंदिनी खिडकीपाशी गेली. खाली झाडाखाली तिचा बाप हातात दोन चहाचे कप धरून उभा होता. रेश्मा कुठंतरी पाणी शोधायला गेली असावी. त्याला कप ठेवायला जागा मिळत नव्हती आणि तो नुसता इकडून तिकडं बघत होता. तिला त्याचा राग आला आणि लगेच रागाचा राग आला.

"मॅडम, तुम्ही काय केलं असतं?"

"हे मी सांगायचं नसतं. तू काय म्हणशील ते मी नीट मांडीन. तारखेच्या सकाळपर्यंत ठरव."

तारखेपर्यंत दहा दिवस. दहा दिवस राजनंदिनीनं कसे काढले ते तिच्या आईला विचारा. भूगोलाचं पुस्तक उघडायची आणि गच्चीवर जायची. गच्चीवरून खाली यायची आणि कपडे इस्त्री करायला घ्यायची, तेही अर्धे. एकदा तर तिनं बापाची तीच पँट दोनदा धुतली. जोतिराम जेवताना नुसता तिच्याकडं बघायचा आणि तिनं बघितलं की ताटाकडं बघायचा. रेश्माच एकदा टॉवेलच्या कडा शिवता शिवता म्हणाली, "मला विचारशील तर मला दोन्हीकडनं वाईट वाटतंय. बिरुदेवभावजींचं पण अन् तुझं पण. म्हणून मला विचारूच नको." आणि मशीन जोरात चालवायला लागली.

तारखेच्या सकाळी आठ वाजता राजनंदिनीनं आईच्या फोनवरून काकाला फोन लावला. पलीकडून कारखान्याचा घरघराट येत होता.

"काका, मी राजी."

"बोल की गं वाघिनी." काका तिला लहानपणापासून वाघीण म्हणायचा. आज त्याचा आवाज तेवढा वाघाचा नव्हता.

"काका, आज तारीख आहे. मी सांगणार आहे. भोकाचं."

काका म्हणाला, "दादानं तुला काय सांगितलं न्हाय?"

"सगळं सांगितलंय. म्हणूनच तुला आधी सांगतेय. मागनं कुणाकडनं कळायला नको."

"राजे, पुढल्या सोमवारी सुपारी फुटायची हाय गं."

"माहीत आहे."

"तुला काय शिक्षा व्हनार न्हाय. आमाला लगीन मोडलं की संपलं. तीन वरसं झाली पोरी बगतोय. त्या मेंढ्याला घ्यायला कोण तयार न्हवतं, भावकीत समद्यांना इचारलं. एकानं पन दारात बांधून घेतला न्हाय. मग काय सोडून द्यू रस्त्यावर?"

हे तिला माहीत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. म्हणावं चूक झाली. पाच मिनिटांचं काम. पण "डबे सांभाळा गं" हे शब्द कानात किणकिणले आणि तिला कळलं की त्या मुलीला उत्तर द्यायला तिच्याकडं आजचा एकच दिवस आहे. एकदा कागदावर चोरी म्हटलं की पुढं कितीही मोठ्यानं "बेंऽऽ" करा, उपयोग नाही.

"काका, मला चोर नाही व्हायचं," ती म्हणाली. पलीकडून फोन कट झाला.

मंडळाची खोली बघून तिची थोडी निराशाच झाली. पिंजरा नाही, काळे कोट नाहीत, हातोडा नाही. एक लांब टेबल, टेबलामागं साध्या साडीतल्या मॅजिस्ट्रेट मॅडम आणि त्यांच्या दोन बाजूला दोन सदस्य. एक म्हातारे गृहस्थ, एक बाई. समोर खुर्च्या. एका टोकाला नागप्पा टोपी मांडीवर ठेवून बसलेला. जोतिराम आणि रेश्मा राजनंदिनीच्या मागं.

"नाव काय बाळ?"

"राजनंदिनी जोतिराम मासाळ. दहावी ब."

"कुणी मारलं, दमदाटी केली का पोलिसांत?"

"नाही मॅडम. पाणी दिलं."

"बरं. मंगळवारी यांचा मेंढा तू नेलास, हे खरं आहे?"

"नेला, मॅडम."

"चोरलास?"

राजनंदिनीचा पाय टेबलाखाली थडथडत होता. तिला मागं वळून बापाकडं बघायचं होतं. तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"नाही. सोडला आणि नेला. चोरला नाही."

"फरक सांग."

गुर्रम मॅडमनी मान हलवली आणि राजनंदिनी उभी राहिली. बसून तिला बोलताच येत नव्हतं. आधी भराभर, मग मॅजिस्ट्रेट मॅडमनी "सावकाश" म्हटल्यावर सावकाश. डावा कान, दोन खाचा. माळावर कुणी विचारत नाही, विचारलं तर अपमान होतो. म्हाताऱ्या सदस्यांनी मान डोलावली, त्यांना बहुतेक माहीत होतं. "पण विकलेल्या मेंढरालाही खाचा असतात," ती स्वतःच म्हणाली, "म्हणून मी फक्त खाचा बघितल्या असत्या तर नेला नसता. मी उजवा कान बघितला. उजव्या कानात भोक आहे. आमच्या घरात ते फक्त देवाच्या मेंढ्याला पाडतात. बिरोबाला सोडलेल्या. तो विकत नाहीत. कधीच नाही. म्हणून मला वाटलं की यांनी… म्हणजे कुणीतरी पळवून आणलाय."

खुर्ची करकन वाजली. नागप्पा उभा राहिला होता.

"काय म्हनलीस?"

"तुम्ही बसा," मॅजिस्ट्रेट मॅडम म्हणाल्या.

"बसतो की बाईसाब, पन ही काय म्हनतीय? देवाचा? आमच्यात देवाच्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा असती, अंगावर भंडारा असतो! भोक मला काय ठावं! मला वाटलं, कुत्र्यानं फाडला आसंल." त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "अय्यो, मी त्येला गाडीत दोरीनं आवळून आनला की हो! चार दिस पेंड पन धड न्हाय दिली!"

"आणि बाळ, तू यांना विचारलं नाहीस."

"नाही मॅडम. ते चुकलं." हे म्हणताना राजनंदिनीचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माळावर विचारत नाहीत, पण तो माळ नव्हता. रस्ता होता. दुकानात डोकवायला हवं होतं."

"दहा पावलं हुती फकस्त," नागप्पा पुटपुटला, पण आता त्यात राग नव्हता.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी चष्म्यावरून मागं बघितलं. "वडील, मुलगी सांगते ते बरोबर आहे का? कानाची ही रीत?"

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज. जोतिराम उभा राहिला असावा.

"बरोबर हाय," तो म्हणाला. मग खाकरला. "भोक म्याच पाडलंय. दोन वरसापूर्वी, देवापुढं. भावानं इकायला नको हुता. आन् मी पन हिला ठाण्यात गप बसवायला नको हुतं."

टेबलामागच्या तिघांनी हळू आवाजात काही बोलून घेतलं. गुर्रम मॅडम दोन मिनिटं कायद्याचं बोलल्या; राजनंदिनीला त्यातलं फक्त "अप्रामाणिक हेतू नाही" एवढं कळलं आणि तेवढं पुरेसं होतं. मग मॅजिस्ट्रेट मॅडमनी तोंडी सांगितलं आणि शेजारच्या क्लार्कनं टाईप केलं. मुलीचा चोरीचा हेतू दिसून येत नाही. चौकशी बंद. आणि टाईप न करता त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी विचारायचं, दहावी ब."

बाहेर आवारात नागप्पानं त्यांना गाठलं. टोपी अजून हातातच. "जोतिरामभाऊ, त्यो मेंढा मी कुटं ठिवू आता? इकला तर पाप, ठिवला तर भ्या. तुमच्या भावाला म्हनावं, माज्यापुढं यून हुबा ऱ्हा एकदा." एवढं बोलून तो तरातरा निघाला आणि गेटपाशी पोचायच्या आत फोन कानाला लावून मोठमोठ्यानं कानडीत कुणाला तरी सांगू लागला. काय सांगत होता ते कळायला कानडी यायची गरज नव्हती. जोतिराम त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

रेश्माच्या हातातला फोन वाजला. काकाचा. रेश्मानं तो राजनंदिनीकडं दिला, जसा काही तापलेला तवा.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"समदं?"

"समदं. आणि नागप्पा आत्ताच फोनवर सुटलाय बघ."

"मग आता म्या कुर्डुवाडीला काय सांगू?"

"त्यांना दुसऱ्याकडनं कळायच्या आत तूच जाऊन सांग की. भावकीत कुणी घेतला नाही हे पण सांग."

"आन् त्यांनी न्हाय म्हनलं तर?"

चुळबुळत राजनंदिनी एका पायावरून दुसऱ्या पायावर आली. "मला काय विचारतोस? मला सरकारनं वकील दिली होती. पाहिजे तर तिचा नंबर देते."

काका हसला नाही. पण फोनही कट केला नाही. म्हणाला, "उद्या येतो सोलापूरला. नागप्पाला सांग, बादशाला पानी दाखव म्हनावं. लई तान लागती त्येला." मग कट झाला.

"काय म्हणला?" जोतिरामनं विचारलं.

"उद्या येतोय."

"आन् सोमवारचं?"

"माहीत नाही, पप्पा."

जोतिरामनं मान हलवली. तो तिच्यावर रागावलाय की नाही ते तिला कळेना, आणि तिनं विचारलंही नाही. तेवढ्यात गुर्रम मॅडम फायली सावरत स्कूटरपाशी आल्या, तशी राजनंदिनी धावली.

"मॅडम, तो कागद मला मिळेल ना? चौकशी बंदचा? वर्गात दाखवायचाय."

"मिळेल की. नकलेसाठी अर्ज करायचा. चार-पाच दिवस लागतील."

"पाच दिवस? मी पाच दिवस काय करू?"

"अभ्यास कर! दहावीला आहेस ना?"

पण राजनंदिनीनं मॅडमच्या हातातला पेन केव्हाच काढून घेतला होता. दप्तरातली वही काढून तिनं पान टरकावलं, स्कूटरच्या सीटवर ठेवलं आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. मा. बाल न्याय मंडळ यांस, विषय…

"मॅडम, विषयात काय लिहू?"

"लिही, आदेशाची प्रत मिळणेबाबत."

"एवढंच?" राजनंदिनी म्हणाली. "बरं. आणि खाली तारीख आजचीच टाकू ना?"